मी, यामिनीच्या बाइकचा घडीचा ट्रेलर

मी एक जुना ट्रेलर आहे, अशी सुरुवात करायला मला फार आवडलं असतं, मित्रांनो. पण मी जुना नाहीच! एक उन्हाळा आणि एक हिवाळा, एवढंच माझं आयुष्य. मात्र ब्रॅम्पटनच्या एका हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ अंगाला असं काही चावतं, की माझे बोल्ट आत्ताच कुरकुरायला लागलेत. तेव्हा मला अर्धा जुना समजा आणि ऐका.

मोटरसायकल स्वतःच्या चाकांवर धावते, मग तिला उचलून न्यायला ट्रेलर कशाला, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही सुरुवातीला वाटलं होतं! त्याचं उत्तर म्हणजे यामिनी. यामिनी नागपूरची. कॉलेजात असताना भावाची मोटरसायकल दुपारी सगळे झोपले की गल्लीत फिरवून आणायची. मग लग्न झालं, कॅनडा आला, नॉर्थ यॉर्कच्या ऑफिसातली सॉफ्टवेअरची नोकरी आली, लेक झाली, आणि मोटरसायकल मनातच राहिली. गेल्या वर्षी तिने सरळ एक छोटी निळी बाइक घेतली आणि शिकाऊ परवानाही काढला. पण हा परवाना फक्त तीन महिने टिकतो. तेवढ्यात रस्त्यावरची परीक्षा पास झालं तर ठीक, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. शिवाय शिकाऊ माणसाला मोठ्या हायवेवर बाइक न्यायला मनाई. आणि यांच्या घराबाहेर पडलं की जिकडेतिकडे गोदामं आणि अजस्र ट्रक. एवढ्या ट्रकांच्या मधोमध शिकायचं कसं? म्हणून बाइक गाडीमागे बांधून कॅलेडनकडच्या शांत रस्त्यांवर न्यायची आणि तिथे सराव करायचा, असं ठरलं.

मग ट्रेलरची खरेदी निघाली. यामिनीचा नवरा देवदत्त दुकानात शिरला तो थेट सगळ्यात मोठ्या लोखंडी ट्रेलरपाशी गेला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा बघा. लोखंड ते लोखंड! म्हैस जरी चढवली तरी हलणार नाही."

"बाबा, आपल्याकडे म्हैस नाहीये," ईशानी म्हणाली. ईशानी म्हणजे त्यांची लेक, अकरावीतली. "आणि आपली कार याला ओढू शकते का? यू चेक्ड?"

"एवढी मोठी कार आहे..."

"दिसायला मोठी आहे. मॅन्युअलमध्ये लिमिट लिहिलंय, मी फोटो काढून आणलाय. बाइक प्लस हा हत्ती, आपण लिमिटच्या वर जातो. आणि हा ठेवणार कुठे? तुमच्या बेडरूममध्ये?"

देवदत्तने थाप मारलेला हात मागे घेतला. कारण त्यांच्या टाउनहाउसचं गॅरेज मी आता स्वतः पाहिलंय. एका भिंतीला विंटर टायर, दुसऱ्या भिंतीला फावडी, मधे तांदळाची पोती, आणि वर गणपतीचं मखर. त्या गॅरेजात कार शिरते हाच चमत्कार आहे.

मी तेव्हा दुकानाच्या कोपऱ्यात एका चपट्या खोक्यात सुट्या भागांच्या रूपात पडलो होतो. अ‍ॅल्युमिनियमचा, हलका, मधे बिजागरी असलेला. घडी घातली की भिंतीला टेकून उभा राहणारा! मोठे ट्रेलर माझ्याकडे बघून हसत असावेत असं मला सारखं वाटायचं. यामिनीने खोक्यावरची माहिती वाचली, बाइकचं वजन आठवलं, गॅरेजची रुंदी हाताने हवेत मोजली आणि म्हणाली, "हाच. मला एकटीला उचलता आला पाहिजे. दर वेळी कुणाला हाक मारत बसू का?"

मित्रांनो, ते वाक्य मी कधीच विसरणार नाही. माझा हलकेपणा ही लाज नाही, तो माझा गुण आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मायलेकींनी मला ड्राइव्हवेवर जोडायला घेतलं. शेजारचे पंजाबी अंकल कुंपणावरून डोकावले. "बेटा, चारपाई बना रहे हो क्या?"

"नहीं अंकल, मम्मी की बाइक का पलंग!" ईशानी ओरडली.

देवदत्त मात्र रुसून आत बसला नाही. भारतात जाताना बॅगा मोजायचा वजनकाटा घेऊन तो बाहेर आला आणि बाइक चढवल्यावर माझं नाक, म्हणजे गाडीला अडकवायचं टोक, त्या काट्यावर ठेवलं. यामिनी म्हणाली, "अहो, मला विमानात पाठवताय का?" पण त्याचं बरोबर होतं. नाकावर भार फार कमी पडला की ट्रेलर वेगात शेपटीसारखा हलतो. त्यांनी बाइक थोडी पुढे सरकवली, पुढचं चाक ते धरून ठेवणाऱ्या कमानीत बसवलं, चार पट्टे खटखट आवळले, मला गाडीला अडकवून दोन साखळ्या खालून तिरप्या लावल्या, दिवे लागतात का ते पाहिलं. आणि बिजागरीतली जाड पिन! ती माझ्या पोटाखाली असते. मी उलगडलो की ती आत सरकवायची, म्हणजे ओझ्याखाली मी मधेच दुमडत नाही. दिसायला बोटाएवढी, पण माझा सगळा भरवसा तिच्यावर.

मग काय सांगू त्या उन्हाळ्याची मजा! शनिवार-रविवार आम्ही निघायचो. थोडं अंतर गेलं की ईशानी गाडी थांबवायला लावायची, कारण धक्क्यांनी पट्टे सैल होतात. "प्रत्येक वेळी काय गं?" देवदत्त कुरकुरायचा. "प्रत्येक वेळी," ईशानी म्हणायची. मक्याच्या शेतांमधल्या त्या रस्त्यांवर यामिनी सुरुवातीला इतकी हळू चालवायची की फुलपाखरं पुढे जायची. मग वळणं जमली, चढ जमले, अचानक थांबणं जमलं. मी रिकामा उभा राहून तिला लांब जाताना बघायचो, आणि ती परत आली की तिच्या हेल्मेटमधून गाणं ऐकू यायचं.

ऑगस्टच्या शेवटी गणपती आले. इथल्या मराठी मंडळाचे उत्साही कार्यकर्ते मोहनकाका घरी आले आणि मला बघून टाळीच वाजवली. "अरे देवा! हा तर बाप्पाचा रथ! देवदत्त, विसर्जनाला हाच हवा."

कोण नाही म्हणणार? मीसुद्धा खूश झालो. शाळेच्या पार्किंग लॉटमधली मिरवणूक, ढोल, झांजा, आणि माझ्यावर गालिचा, झेंडूच्या माळा, मधोमध बाप्पा. एवढं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं! पण वर छत्र उभं करायला एक काठी रोवायची होती आणि कुठे भोक सापडेना. मोहनकाकांना माझ्या बिजागरीचं भोक दिसलं. त्यांनी पिन काढली, दूर्वांच्या ताटलीत जपून ठेवली आणि तिथे काठी रोवली. मिरवणूक संपली. बाप्पा पाण्याच्या मोठ्या ड्रममध्ये शांतपणे विसर्जित झाले. सगळी फुलं, दूर्वा गोळा झाल्या, आणि त्यांच्याबरोबर माझी पिनही निर्माल्यात गेली.

देवदत्तला घरी आल्यावर ते कळलं. त्याने फोन केला. "अरे, ताटलीत होती ना? मग निर्माल्यातच गेली असणार," मोहनकाका म्हणाले. "पण बाप्पाबरोबर गेली, काही वाईट नाही!"

देवदत्तने टूलबॉक्समधून एक जाड स्क्रूड्रायव्हर काढला, भोकात घातला, सुतळीने बांधला आणि स्वतःशीच म्हणाला, "मस्त चालतंय." नवी पिन आणायची हे त्याच्या मनात होतं, पण ऑफिसच्या गडबडीत ते मनातच राहिलं. घरात त्याने कुणाला सांगितलंही नाही. मला ओरडावंसं वाटत होतं. पण मला तोंड कुठे आहे?

आणि परीक्षेचा दिवस आला. यामिनीच्या परवान्याची मुदत त्याच आठवड्यात संपत होती, आणि जवळची ठिकाणं भरलेली असल्यामुळे तारीख मिळाली होती ती पार उत्तरेकडच्या एका छोट्या गावातली. ही चुकली की पुन्हा लेखी परीक्षा, आणि तोवर बर्फ. सकाळी मला देवदत्तनेच उलगडलं, तोच स्क्रूड्रायव्हर परत घातला, आणि बाइक माझ्यावर चढली. मी निघालो तो जीव मुठीत धरून. प्रत्येक खड्ड्यावर स्क्रूड्रायव्हर थोडा वाकत होता. मी जमेल तेवढ्या जोरात करकरलो. खरंच सांगतो, तेवढंच माझ्या हातात होतं.

कॅलेडनमध्ये एका मक्याच्या स्टॉलपाशी ईशानी म्हणाली, "बाबा, स्टॉप. पट्टे."

"आज उशीर होईल गं."

"स्टॉप!"

ती उतरली. पट्टे घट्ट होते. पण तिने माझी करकर ऐकली होती. ती रस्त्याकडेला गुडघे टेकून, मान वाकडी करून माझ्या पोटाखाली बघत राहिली. मग तिचा आवाज आला, "बाबा, व्हॉट इज धिस? स्क्रूड्रायव्हर? सीरियसली?"

देवदत्त वाकला. वाकलेला स्क्रूड्रायव्हर बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. "मला वाटलं... तात्पुरतं..."

"हायवेवर हे तुटलं असतं तर बाइक मागच्या कारवर पडली असती, बाबा!"

"चुकलं माझं," तो म्हणाला. मग यामिनीकडे वळला. "आज राहू दे. नवी तारीख घेऊ. रिस्क नको."

यामिनी रस्त्याकडे बघत होती. दोन्ही बाजूंना मका, मधून सरळ डांबरी पट्टी. "नवी तारीख म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून," ती हळूच म्हणाली. "पण इथून पुढे एकटीने इतकं लांब... मी कधी गेले नाही."

"आई, हा रस्ता तुझा आहे," ईशानी म्हणाली. "अख्खा उन्हाळा तू इथेच चालवलंयस. तो पुढचा टेकडीचा टर्न, तिथे तू रडली होतीस आणि मग तीन वेळा परफेक्ट घेतला होतास. हायवे न घेता गावापर्यंत जाता येतं, मी मॅप बघितलाय. आम्ही तुझ्या मागे आहोत. यू गॉट धिस."

"आणि घाबरले तर?"

"तर थांबायचं. कडेला. आपण मका खाऊ."

यामिनी हसली. त्या सकाळी पहिल्यांदाच! तिने हेल्मेट चढवलं. तिघांनी मिळून बाइक उतरवली, मला गाडीपासून सोडवलं, घडी घातली. स्टॉलवाल्या बाईंना ईशानीने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नो प्रॉब्लेम, हनी," आणि मला कुंपणाला साखळीने बांधायला जागा दिली. निळी बाइक निघाली. मागोमाग कार. आणि मी तिथेच.

मित्रांनो, ती दुपार फार लांब होती. कारमधून कणसांची पोती घ्यायला माणसं येत होती, जात होती. कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. मला माझी काळजी नव्हती. टेकडीचं वळण तिने घेतलं असेल का? ती घाबरून थांबली तर नसेल? माझ्यामुळे तिचं इतक्या वर्षांचं स्वप्न हुकलं तर? हाच विचार माझ्या प्रत्येक बोल्टात घुमत होता.

उन्हं कलायला लागली तेव्हा ओळखीची कार वळली. एकटीच! बाइक नाही. यामिनी नाही. माझ्या छातीत, म्हणजे बिजागरीत, धस्स झालं.

ईशानी दार उघडून धावत आली आणि स्टॉलवाल्या बाईंनाच मिठी मारली. "शी पास्ड! शी पास्ड!"

मागून देवदत्त आला. त्याच्या हातात हार्डवेअरच्या दुकानातली चकचकीत नवी पिन होती, आणि एक जास्तीचीही. "परीक्षा झाल्यावर म्हणाली, आता मी हायवेने जाणार," तो सांगत होता, आणि त्याचा आवाज ओला झाला होता. "आम्ही म्हटलं, आम्ही मागे येतो. तर म्हणाली, नको, तुम्ही ट्रेलर घेऊन या. तो बिचारा वाट बघत असेल."

बघा! पास झाल्यावर, हायवेवर पहिल्यांदा निघताना, तिला मी आठवलो!

त्यांनी मला उलगडलं. नवी पिन ईशानीने स्वतः बसवली, दोनदा ओढून पाहिली, आणि मग कणसांचं एक पोतं माझ्यावर ठेवलं. इतका हलका मी कधीच गेलो नव्हतो. थोडं रितं वाटलं, खोटं कशाला बोलू? जिला शिकायला मी नेत होतो तिला आता माझी तितकी गरज नव्हती. पण त्याच्या दुप्पट आनंद होता. तिने तो रस्ता एकटीने पार केला, आणि त्या रस्त्याची ओळख करून द्यायला मी होतो.

घरी ड्राइव्हवेवर यामिनी उभी होती, हेल्मेटने विस्कटलेले केस तसेच. ती माझ्याजवळ आली, माझ्या पाठीवरची धूळ जॅकेटच्या बाहीने पुसली आणि म्हणाली, "थँक यू रे." पंजाबी अंकल कुंपणावरून टाळ्या वाजवत होते.

नवरात्राच्या तोंडावर मोहनकाकांचा पुन्हा फोन आला. देवीला आणायचं होतं. फोन ईशानीने घेतला. "काका, देते ना! आनंदाने देते. पण मी सोबत येणार, आणि पिनला कुणी हात लावायचा नाही."

"अगं बाई, तू तर अगदी मालकीण झालीस!"

"मालकीण नाही काका, मैत्रीण."

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्या वस्तू तुम्ही आवडीने निवडता, आमच्यावर फुलं वाहता, आमचं कौतुक करता, त्याबद्दल मी खरंच तुमचा ऋणी आहे. पण ज्याच्या पाठीवर तुम्ही तुमचं लाडकं माणूस किंवा त्याचं स्वप्न ठेवता, त्याच्या पोटाखाली एकदा वाकून बघत जा. तात्पुरतं बांधलेलं काही तिथे राहिलंय का, ते पाहा. आम्हाला सांगता येत नाही, आम्ही फक्त करकरतो. ती करकर ऐकून एक मुलगी भर रस्त्यात गुडघे टेकून वाकली, म्हणून यामिनी सुखरूप पुढे गेली, आणि म्हणूनच आज मी तुमच्याशी बोलतोय.