पोल्हाची चरबी आणि हलका चाप

नवी बंदूक घरी आणली तेव्हा तिच्यात काडीचाही दोष नव्हता, हे आधीच कबूल करतो. शंभर मीटरवर तीन गोळ्या झाडल्या, तिन्ही भोकं एका काडेपेटीखाली झाकली गेली. माझ्या बहिणीचा नवरा फेलिक्स आमच्या शिकारी मंडळाचा प्रमुख. तो निशाणाचा कागद पाहून म्हणाला, "लोव्रो, एक उपकार कर. हिला हात लावू नकोस."

"दाजी, कारखान्यातली मशिनं नुसते तुकडे जोडतात हो. जीव आपण घालायचा."

"शिलाई मशिनमध्ये घातलास तसा? तुझी बहीण अजून हाताने टाके घालते."

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बंदूक खोलली. चापाच्या स्क्रूवर कारखान्याने लाल लाखेचा ठिपका मारला होता, म्हणजे इथे बोट घालू नये. मी तो नखाने खरवडला आणि माशी बसली तरी चाप सुटेल इतका हलका केला. काडतूस आत ढकलणारा बोल्ट जरा जड फिरतो असं वाटलं म्हणून त्याच्यातल्या, काडतुसावर सुई आपटणाऱ्या स्प्रिंगचे दोन वेढे कापले आणि पोल्हाची चरबी भरली. पोल्ह म्हणजे आमच्या रानातला झाडावरचा लठ्ठ उंदीर. त्याची चरबी आम्ही छातीला लावतो, गुडघ्याला लावतो, दाराच्या बिजागरीलाही लावतो. मग बोल्टनेच काय पाप केलंय?

नोव्हेंबरात लाकडं वाहणाऱ्या एका ट्रकने अस्वलाला उडवलं. जखमी जनावर दुसऱ्या सकाळी शोधून संपवायचं, हे मंडळाचं काम. थंडी उणे सोळा. फेलिक्स बर्फावरचं रक्त बघत पुढे, मी मागे. उन्मळून पडलेल्या एका झाडाआडून ते आलं. वजन दोनशे किलो होतं म्हणतात. मी तीनशेवर ठाम आहे, आणि दर वर्षी त्यात थोडी भर पडते. पण वेग मात्र वाढवून सांगायची गरज नाही. फेलिक्सची बंदूक एकीकडे उडाली, तो दुसरीकडे पालथा पडला, आणि ते त्याच्या पाठीवर उभं राहिलं.

मी नेम धरून चाप ओढला.

टक्.

दुसरं काडतूस भरलं. पुन्हा टक्. बाहेर पडलेलं काडतूस पाहिलं तर बुडावर सुईची खूण डास चावल्याएवढी. चरबी थंडीत मेणासारखी थिजली होती आणि कापलेल्या स्प्रिंगमध्ये तिला हलवण्याचा जोर नव्हता.

"लोव्रो," फेलिक्स बर्फात तोंड खुपसून पुटपुटला, "मार की रे!"

मी बोल्ट उपसून काढला, कोट आणि सदरा उघडून, चरबी वितळावी म्हणून काखेत दाबला. गोठलेलं लोखंड कातडीला चिकटलं. हातात उरली नुसती नळी आणि लाकूड. वीस पावलांवर अस्वल माझ्या दाजींची मान हुंगत होतं. त्यांची टोपी त्याने दातांनी उचलून टाकली. मी आकडे मोजायला लागलो आणि चाळीसच्या पुढे काय येतं ते विसरलो.

"लोव्रो..." आता आवाज अगदी बारीक.

बोल्ट कातडीसकट सोलून काढला आणि घातला. आता दुसरी भीती. हा चाप बोल्ट मिटतानाच्या धक्क्यानेही सुटेल, हे मला एकट्यालाच ठाऊक. नळी आभाळाकडे करून बोल्ट मिटला. बार उडाला नाही. मग काठोकाठ भरलेली सूपची वाटी उतरवावी तशी ती खाली आणली. फेलिक्सचं डोकं, मग त्याच्यावरचं केसाळ खांद्याचं पातं. बोट चापाला लागलं की नाही, आठवत नाही. धडाका झाला. अस्वल फेलिक्सच्या पायांवर आडवं पडलं.

हात सवयीने चालला; मी पुढचं काडतूस भरून टाकलं.

फेलिक्स रांगत बाहेर आला. त्याने माझ्या हातातून बंदूक हिसकावली आणि म्हणाला, "पुढे चाल."

"दाजी, द्या इकडे, मी धरतो—"

"चाल म्हणतो ना!"

उतार निसरडा, तो लंगडत होता. माझ्या मागे दर चार पावलांनी त्याचा पाय घसरे आणि बंदूक कशावर तरी आपटे. मानेवरचे केस उभे राहिले. अस्वलासमोरही राहिले नव्हते.

"दाजी, जरा जपून."

"का?"

"घरी सांगतो."

"आत्ता सांग."

"भरलेली आहे. आणि चाप... मी थोडा हलका केलाय. धक्क्याने सुटतो."

मागची पावलं थांबली.

"किती हलका?" त्याने अगदी हळू विचारलं.

मी सांगितलं.

बोल्ट उघडून काडतूस काढल्याचा आवाज कानात पडावा म्हणून मी देवाला सगळे नवस बोललो. तो येईना, तेव्हा मी दोन्ही हात वर करून उभा राहिलो. मागे वळून बघायची काही हिंमत झाली नाही.