महाराजांची जुनी पानं

लातुरातल्या क्लासेसच्या गल्लीतलं मंगल कार्यालय सकाळी नऊलाच तुडुंब भरलं होतं. लग्न नव्हतं. पालकांच्या हातात पोरांची हॉल तिकिटं होती आणि पडद्यावर गुरुपादप्पा महाराजांची वेबसाइट.

"वाचा!" महाराज गरजले. "मागल्या साली जिल्ह्यात पहिली कोण?"

"औशाची सिंधु!"

"भाकिताची तारीख?"

"पाच जानेवारी!"

"निकाल जूनचा, भाकीत जानेवारीचं! ब्रह्मांडाच्या सर्व्हरला आमची थेट जोडणी आहे. त्र्याण्णवच्या भूकंपाचा इशाराही आम्ही वर्षभर आधी दिला होता. खाली लिहिलाय, बघा."

भूकंप म्हणताच निम्मी गर्दी हात जोडून उभी राहिली. इशारा होता तर तेव्हा गावोगाव का नाही सांगितला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

लॅपटॉपपाशी जिलानी बसला होता. त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान याच गल्लीत. प्रोजेक्टर सांभाळायला महाराजांनीच त्याला बोलावलं होतं. दूरदृष्टीत एवढी एक चूक राहून गेली.

तेवढ्यात निलंग्याचे रामलिंगआप्पा लेकीला, दीपमालाला, घेऊन पुढं आले. मेडिकलची प्रवेश परीक्षा येत्या रविवारी होती. महाराजांनी तिच्या हॉल तिकिटावर हात ठेवून डोळे मिटले.

"डॉक्टरकीचा योग आहे, पण यंदा नाही. यंदा पेपर दिला तर योग जळेल. वर्षभर आमच्याकडं अनुष्ठान करा."

"आप्पा, दोन वर्षं अभ्यास केलाय मी!" दीपमाला रडकुंडीला आली.

"गप. महाराजांनी लिहिलेलं आजवर खोटं झालं न्हाई." आप्पांनी हॉल तिकीट फाडायला धरलं.

"आप्पा, फाडू नका," जिलानी शांतपणे म्हणाला. "पुन्हा प्रिंट काढायला माझ्याकडंच येताल. आधी जरा पडद्याकडं बघा."

जिलानीची एक सवय होती. नोकरीचा फॉर्म भरायला कुणी आलं, की तो आधी त्या कंपनीची वेबसाइट इंटरनेटवरच्या जुन्या पानांच्या संग्रहात तपासायचा; कुठली वेबसाइट पूर्वी कशी होती, ते तिथं दिसतं. काल साड्या विकणारी वेबसाइट आज भरती करत असली, तर फॉर्म परत. आता त्यानं त्याच संग्रहात महाराजांचा पत्ता टाकला.

"काय करायलास रे?" महाराज ओरडले.

"ब्रह्मांडाचा सर्व्हर बघायलोय. हे पान मागल्या सालच्या एप्रिलचं, निकालाआधीचं. दीपमाला, वाच बेटा."

"जिल्ह्यात पहिला उदगीरचा मुलगा येईल," दीपमालानं वाचलं. "चाचा, इथंपण तारीख पाच जानेवारीच हाय!"

"आता जुलैचं, निकालानंतरचं पान. मुलाची झाली सिंधु, उदगीरचं झालं औसा. तारीख तीच. भूकंपाचा इशारा तर या पानांवर पहिल्यांदा दिसतो तोच मुळी चार वर्षांपूर्वी. त्याच्याही आधी इथं काय होतं, बघा."

पडद्यावर पाइप आले. 'गुरुपादप्पा ट्रेडर्स, ठिबक सिंचनाचं साहित्य.' शेजारी बिनदाढीचे, शर्टपँटीतले महाराज.

"तो आमचा पूर्वजन्म!" महाराज म्हणाले.

"असंल. मोबाइल नंबर मात्र दोन्ही जन्मांत एकच हाय."

कार्यालयात हसण्याचा स्फोट झाला. महाराजांनी अंतर्धान पावायचं ठरवलं आणि स्वयंपाकघराच्या दारानं ते पावले.

आप्पा तिथंच उभे होते. "पण जिलानीभाई, तारीख तर छापलेली होती!"

"आप्पा, पानावरची तारीख पानाचा मालक टाकतो. वाटेल तेव्हा, वाटेल ती. या संग्रहाची यंत्रं मात्र अधूनमधून पानाची नक्कल काढून ठेवतात आणि तिच्यावर स्वतःची तारीख टाकतात. तिच्यापर्यंत महाराजांचा हात पोचत न्हाई. निकाल लागला, की नाव बदलायचं आणि जुनी तारीख तशीच ठेवायची. चमत्कार तो एवढाच."

आप्पांनी चुरगळलेलं हॉल तिकीट लॅपटॉपशेजारी टेबलावर ठेवून तळहातानं सपाट केलं आणि लेकीच्या हातात दिलं. "चल. रविवारी मीच सोडतो तुला."

दीपमालाला किती गुण पडले, ते इथं सांगत नाही. ते तिनं सोडवलेल्या पेपरावर ठरले. भाकीत खरं झालं असं कुणी सांगितलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे लिहिलं कधी, आणि ती तारीख टाकली कुणी? विचारल्यानं कुठलाही योग जळत नाही.