ओसरीवरची बॅटरी

माझा नवरा चोर आहे, हे मला शाळेत कळलं. मधल्या सुट्टीत माझ्यासोबत शिकवणाऱ्या प्रतिभाबाईंनी डबा उघडला, लोणच्याची फोड माझ्या पोळीवर ठेवली आणि आवाज खाली आणून विचारलं, "इंदूबाई, ते बॅटरीचं खरं आहे का हो?"

कोणती बॅटरी, मला काय ठाऊक. मग सगळं बाहेर आलं. आदल्या दिवशी सौंसरच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात, भर गर्दीत, चहा पिता पिता रघुनाथरावांनी सांगितलं होतं, की आमचा ड्रायव्हर उत्तम रात्री जीपची बॅटरी काढून नेतो आणि वस्तीतल्या भोंग्याला लावतो. पहाटे गुपचूप परत बसवतो. म्हणून जीप सकाळी चालू होत नाही.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेणार आहे. गावाने ज्या नावाला काळं फासलं, ते मीच तोंडातून काढायला लाजले तर ते धुणार कोण?

रघुनाथराव संत्र्यांचे व्यापारी. त्यांची डिझेल जीप उत्तम चालवायचा. बगिच्यांतून फिरवायचं, नागपूरला न्यायचं, घरच्या बायकांना लग्नाकार्याला पोचवायचं, सगळं त्याच्याकडे. रात्री जीप त्यांच्या घरासमोर रस्त्यावर उभी असायची आणि किल्ली उत्तमकडे असायची. एवढ्यावरून माणूस चोर ठरतो, हे मला नव्हतं माहीत.

चार्जिंगचा लाल दिवा विझत नाही, हे उत्तमनेच त्यांना महिनाभर आधी सांगितलं होतं. इंजिन फिरतं तसा पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो आणि बॅटरी भरत राहतो. तो भरत नसला की लाल दिवा पेटून राहतो. रघुनाथराव म्हणाले, "जळू दे. गाडीत दिवा असला तं चांगलाच आहे." तेव्हापासून ढकलून चालू करता यावी म्हणून उत्तम जीप उतारावर लावायचा आणि दिवसभर इंजिन बंद करायचा नाही. त्यावरही बोलणी खायचा, डिझेल फुकट जाळतो म्हणून.

त्या वर्षी हनुमान जयंती आणि बाबासाहेबांची जयंती एकत्रच आल्या. आमच्या वस्तीत मिरवणूक, निळे झेंडे, आणि उत्तम मात्र रघुनाथरावांच्या कुटुंबाला घेऊन दिवसभर जामसांवलीच्या हनुमानाला. त्यांच्या भजनी मंडळाचा भोंगा जीपच्या टपावर होता आणि तो जीपच्याच बॅटरीवर वाजत होता. आमच्या भोंग्याची बॅटरी मंडपवाल्याची होती, अख्ख्या वस्तीने पाहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली तर जीपचा सेल्फ नुसता कण्हला. रघुनाथराव उत्तमला म्हणाले, "तुमची जयंती होती ना काल?"

हा 'तुमची' शब्द मला आजही पचलेला नाही. त्यांचा भोंगा म्हणजे भक्ती आणि आमचा म्हणजे चोरी. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

मग ते जीप पांढुर्ण्याला श्रीधर मिस्त्रीकडे घेऊन गेले. तिथून परतल्यावर तर त्यांच्या संशयाला शिक्काच मिळाला आणि त्यांनी तो हॉटेलात वाटला.

शाळा सुटल्यावर मी घरी आले तेव्हा उत्तम जेवत होता. जेवण तरी कसं जातं, याचाच मला राग आला.

"मिस्त्रीनं काय केलं ते सांगा," मी म्हटलं.

"गाडी चालू ठेवली. बॅटरीची वायर काढली. गाडी चालूच राह्यली. मंग म्हने, पाहा रघुनाथरावजी, बॅटरीबिगर गाडी चालून राहिली, म्हंजे अल्टरनेटर फस्कलास करंट देऊन राहिला. खोट बॅटरीत आहे. रात्री कोनी वापरत असन."

"आणि तुम्ही ऐकून घेतलं."

"मिस्त्री हाये तो, इंदू. मी डायवर."

"वायर काढल्यावर गाडी थांबली असती तर?"

"तं अल्टरनेटर खराब म्हनला असता."

"पण थांबली कशाने असती? तुम्ही रोज बंद कशी करता? किल्ली फिरवून?"

"नाई. दांडी ओढून. डिझेल तुटते, गाडी बंद होते. किल्लीनं पेट्रोलची..." उत्तमचा घास हातातच राहिला. मग तो सावकाश म्हणाला, "पेट्रोलच्या गाडीले ठिनगीसाठी करंट लागते. इले चालाले लागतच नाई. सेल्फ मारतानी लागते, बस. एकदा चालू झाली का बॅटरी काढून फेका, अल्टरनेटर मेला असला तरी चालते."

"मग मिस्त्रीने जे पाहिलं, त्याने काय सिद्ध झालं?"

"काईच नाई."

मी त्याच्यावर अशी ओरडले की शेजारची वत्सला दारात आली. रोज उतारावर गाडी लावणारा माणूस, दिवसभर ती चालू ठेवणारा माणूस, आणि ऐन वेळी मिस्त्रीपुढे तोंडाला कुलूप. उत्तमने हात धुतले आणि म्हणाला, "उद्या रविवार हाये. तूबी चाल."

सकाळी रघुनाथराव ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांची सून अनुराधा दारात रांगोळी काढत होती. उत्तमने बॉनेट उघडलं, पाना घेतला, बॅटरी सोडवली आणि दोन्ही हातांनी उचलून रघुनाथरावांच्या पायाशी, ओसरीवर ठेवली. मग अल्टरनेटरची वायरही सोडून बाजूला बांधली.

"हे काय करून राहिला बे?"

"मालक, बॅटरी तुमच्या घरात राहीन. सूनबाई राखन करतीन. आपन पांढुर्ण्याले जाऊ. रस्त्यात गाडी बंद पडली, तं मी सोताहून हॉटेलात जाईन आन म्हनीन, बॅटरी मीच नेत होतो."

हे त्याने मला सांगितलं नव्हतं. रघुनाथराव माझ्याकडे पाहून हसले. "बाई, समजावा याले. बॅटरीबिगर कुठं गाडी चालते?"

"मिस्त्रीकडे चालली होती ना," मी म्हटलं.

उतारावर जीपला आम्ही तिघांनी धक्का दिला, म्हणजे मी, अनुराधाबाई आणि धोतराचा सोगा खोचून खुद्द रघुनाथराव. गाडी फुरफुरली, धूर ओकला आणि धडधडू लागली. रघुनाथराव पुढे बसले, मी मागच्या बाकावर. जामसांवलीच्या फाट्यावर त्यांनी हात जोडले. उत्तमने वेग कमी केला, पण थांबला नाही. जीप चालत होती. रघुनाथराव दर थोड्या वेळाने बॉनेटकडे बघत होते.

पांढुर्ण्याला रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी संपता संपेना. सवयीने रघुनाथरावांचा हात पुढे गेला. "बंद कर ना, डिझेल जाऊन राहिलं," म्हणत त्यांनी इंजिनाची दांडी धरली. मी मागून वाकून माझी छत्री त्यांच्या मनगटावर ठेवली, आणि ठेवली म्हणजे दाबली.

"मालक," मी म्हटलं, "नवऱ्याच्या इज्जतीपेक्षा डिझेल महाग नाही."

त्यांनी हात मागे घेतला. परक्या बाईने छत्री लावली याचा राग त्यांच्या कानापर्यंत चढलेला मला मागून दिसत होता. चढू दे, म्हटलं.

श्रीधर मिस्त्री गॅरेजसमोर खाटेवर बसला होता. रघुनाथराव उतरायच्या आत उत्तम म्हणाला, "मिस्त्री, पुन्हा तपासा. त्या दिवशीसारखंच."

मिस्त्रीने चालू इंजिनाचं बॉनेट वर केलं, वायरीसाठी हात घातला आणि हात तसाच राहिला. बॅटरीच्या जागी रिकामा पत्रा होता. त्याने अल्टरनेटरकडे पाहिलं. त्याची वायर सुतळीने बांधलेली.

"बॅटरी कुठं हाये?"

"मालकाच्या ओसरीवर," उत्तम म्हणाला. "आता सांगा, करंट कोन देऊन राहिला?"

मिस्त्री हलकट नव्हता, हे मला म्हणायला हवं. तो डोकं खाजवत राहिला, मग रघुनाथरावांना म्हणाला, "चुकलं भाऊ. माही सारी जिंदगी पेट्रोलच्या गाड्याईत गेली. डिझेलले ही तपासनी लागू होत नाई." त्याने गॅरेजमधली बॅटरी लावली, अल्टरनेटरची वायर जोडली आणि मीटर धरला. इंजिन कितीही वाढवलं तरी काटा बाराच्या पुढे सरकेना. चौदाच्या जवळ जायला हवा, तो म्हणाला. पट्टा उतरवून त्याने अल्टरनेटर खाली काढला, उघडला. आतले कार्बनचे ब्रश झिजून संपले होते आणि तारा जळून काळ्या झाल्या होत्या.

नवा अल्टरनेटर बसला, पट्टा ताणला गेला. वारंवार उतरून जुनी बॅटरीही गेलीच असेल, असं मिस्त्रीने सांगितल्यावर नवी बॅटरीही आली. उत्तमने किल्ली फिरवली. लाल दिवा लागला, सेल्फ एका झटक्यात फिरला आणि दिवा विझला. महिनाभर जो दिवा तो दाखवत होता, तो विझलेला रघुनाथरावांनी स्वतः वाकून पाहिला. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "चाला, ऊन होऊन राहिलं."

सौंसरला पोचलो. जुनी बॅटरी ओसरीवर तशीच होती. अनुराधाबाईंनी तिच्याभोवतीची जागा झाडून घेतली होती. रघुनाथरावांनी ती पायाने जराशी पुढे सारली.

"उत्तम, ही घेऊन जा तू. दुरुस्त करून घे. तुमच्या जयंतीले कामी येईन."

माझ्या तोंडावर आलं होतं ते शाळामास्तरणीला न शोभणारं होतं. पण उत्तमच आधी बोलला.

"नाई मालक. मी बॅटरी नेली नोयती, आन आजबी नेत नाई. उद्या हॉटेलात चला. जिथं बोलले तिथंच बोला, का उत्तमनं नेली नाई."

"अरे, झालं गेलं. आता काय त्याचं?"

उत्तमने जीपची किल्ली बॅटरीवर ठेवली आणि आम्ही पायी घरी आलो. वाटभर मीच सगळं बोलून घेतलं.

आठवडाभर जीप त्या घरासमोर उभी होती. सेल्फ आता एका हाकेला जागा होत होता, पण हाक द्यायला कोणी नव्हतं. संत्र्यांच्या पेट्या बैलगाडीने जात होत्या.

मग एका संध्याकाळी रघुनाथराव आमच्या दारी आले. पहिल्यांदाच. बसा म्हटलं तर बसले नाहीत. आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना, हे पाहून खालच्या आवाजात म्हणाले, "उत्तम, माहं चुकलं. चाल आता."

उत्तमने माझ्याकडे पाहिलं. मी चुलीवरून चहा उतरवला, दारात आले आणि म्हटलं, "मालक, या घराला ते आधीच ठाऊक होतं. हॉटेलाला ठाऊक नाही."