एकाहत्तराव्या पानाची घडी

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. नाटक चालू असताना विंगेत प्रॉम्प्टर जिच्यात डोकं घालून बसतो, ती वही. उत्तर इंग्लंडातल्या एका गिरणीच्या गावात, एका छोट्या थिएटरात माझा जन्म झाला. आता कपाटात पडून असते. कुणी विचारत नाही, आणि खरं सांगते, मला त्याचं वाईटही वाटत नाही. माझ्या हातून जे झालं, त्यानंतर मी कुठल्या तोंडानं कौतुक मागू?

माझ्यात एकच नाटक आहे. एक बाप युद्धावर गेलेल्या मुलाची जेवायला वाट पाहतो. एकाहत्तराव्या पानावर पोस्टमन येतो, बाप पत्र वाचतो आणि म्हणतो, "एक ताट कमी करा." एवढंच.

पहिल्या वेळी हे नाटक बसलं, तेव्हा पोस्टमन होता लेनर्ड पिकर्सगिल. बावीस वर्षांचा, कान जरा मोठे, बूट उसने आणलेले. त्याला एकच वाक्य होतं. "पत्र आहे, साहेब." पण पठ्ठ्या ते पाहायला रोज माझ्याकडे यायचा. एके दिवशी त्यानं त्या पानाचा वरचा कोपरा दुमडून ठेवला, स्वतःचं पान पटकन सापडावं म्हणून.

मिस ऑड्री थ्रेलफॉल तेव्हा नुकतीच प्रॉम्प्टिंगला बसायला लागली होती. ती भडकली.

"लेनर्ड, ही काय तुझ्या घरची वही आहे? कोपरे कसले दुमडतोस?"

"अगं, तीनच शब्द आहेत माझे. हरवले तर कुठं शोधू?"

"हरवले तर मी देईन. हात लावू नकोस."

तिनं कोपरा सरळ केला, वर जाडजूड ठोकळा ठेवला. पण कागदाची घडी कधी जाते का? रेघ राहिलीच. मला मात्र ती रेघ फार आवडायची. इतक्या नटांत या एकालाच माझं पान आपलं वाटलं होतं. मी ती रेघ जपली, मित्रांनो. तिथंच माझं चुकलं.

लेनर्ड पुढं लंडनला गेला आणि सिनेमात शिरला. चाळीस वर्षं तो पडद्यावर दिसत राहिला. बटलर, पाद्री, पोलीस इन्स्पेक्टर, आणि कितीतरी वेळा पहिल्या अर्ध्या तासात खून होणारा काका. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव कुणालाच ठाऊक नाही. एकदा दुकानात एक बाई त्याला म्हणाल्या, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय. आमच्या बँकेत होतात का?" तो म्हणाला, "नाही बाई, गेल्या शनिवारी तुमच्या गावात मला फाशी झाली." हा किस्सा तो हसत हसत सांगायचा. पण एकदा तरी गोष्ट आपली असावी, आपण दुसऱ्याच्या गोष्टीत दार उघडायला नसावं, असं त्याला फार वाटायचं.

बासष्टाव्या वर्षी तो आमच्याकडे परत आला, याच नाटकातल्या बापाच्या भूमिकेसाठी. तालमीत त्यानं एक गोष्ट शोधून काढली. पत्र वाचल्यावर तो काहीच बोलायचा नाही. ताटांकडे बघत राहायचा. मनात वीस मोजून होतील इतका वेळ. तालमीत झाडूवालासुद्धा झाडू धरून उभा राहायचा.

आमच्यात एक रीत आहे. नट मुद्दाम थांबत असेल, तर प्रॉम्प्टर तिथं पेन्सिलीनं तीन ठिपके काढतो. म्हणजे हा विसरलेला नाही, तोंड उघडायचं नाही. प्रॉम्प्टिंगला अजून मिस थ्रेलफॉलच होती, तिनं ठिपके काढले. वाक्य पानाच्या अगदी माथ्यावर होतं, म्हणून ठिपके त्याच जुन्या घडीच्या कोपऱ्यात आले.

एका बुधवारी दुपारच्या खेळाला लंडनहून मिस्टर व्हेनिंग नावाचे सिनेमावाले आले. त्यांच्या नव्या सिनेमात म्हाताऱ्या दीपगृहवाल्याची मुख्य भूमिका होती. लेनर्डला बघायचं आणि ठरवायचं. तो सकाळपासून दोनदा दाढी करून बसला होता.

त्याच दिवशी मिस थ्रेलफॉलची दाढ काढली. तिच्या जागी कपडेपटातल्या बेरिलबाई बसल्या. बिचारीनं एकही तालीम पाहिली नव्हती. छोटा दिवा माझ्या डोक्यावर तापत होता. एकाहत्तरावं पान उलटलं, आणि उष्णतेनं माझा कोपरा हलकेच त्या जुन्या रेघेवर वळला. ठिपके झाकले गेले. मला कळत होतं. पण मी ती घडी चाळीस वर्षं जपली होती, ती काय एका क्षणात सुटणार?

लेनर्ड थांबला. दुपारच्या खेळाला प्रेक्षकांना जागेवरच चहा मिळतो, त्या कपांचा आवाजही बंद झाला. बेरिलबाई घाबरल्या. यांना आठवत नाही, असं समजून त्यांनी चांगल्या खणखणीत आवाजात सांगितलं, "एक ताट."

पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "विसरला गं बिचारा."

लेनर्डनं वाक्य म्हटलं. खेळ संपला. मिस्टर व्हेनिंग त्याला भेटायला आत आलेच नाहीत. आठवड्यात सगळीकडे झालं की पिकर्सगिलला आता पाठ होत नाही. भूमिका दुसऱ्याला गेली.

त्या बुधवारी खेळ संपल्यावर बेरिलबाई रडत होत्या. लेनर्डनं मला उचललं, पान उघडलं. दुमडलेला कोपरा पाहिला.

"बेरिलबाई, तुमची काही चूक नाही. हा माझाच उद्योग आहे, बाविसाव्या वर्षीचा."

दुसऱ्या दिवशी मिस थ्रेलफॉल सुजलेल्या गालानं आली. "ही वही घेऊन मी लंडनला जाते. ते ठिपके दाखवते त्या माणसाला."

"नको ऑड्री. मी विसरलो नव्हतो असं पुरावा घेऊन सांगत फिरलो, तर मी अजूनच विसरलेला वाटेन."

पुढचे अकरा खेळ त्यानं केले. पण ती शांतता त्यानं पुन्हा घेतली नाही. पत्र वाचलं की लगेच वाक्य, कुणी सांगायच्या आत. शेवटच्या दिवशी मिस थ्रेलफॉलनं खोडरबर घेतलं आणि ठिपके पुसून टाकले. आता तिथं नुसती रेघ आहे.

मित्रांनो, पुस्तकांचे कोपरे दुमडू नका, हे तुम्हाला शाळेतही सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस बोलता बोलता थांबलं, तर घाईनं शब्द पुरवू नका. ते विसरलेलं नसेल. मनात वीसपर्यंत मोजा, आणि मग त्यांचं वाक्य त्यांनाच बोलू द्या.