चवळीच्या पाल्याचं पहिलं पाणी

बूड काळंकुट्ट, काठाचा टवका उडालेला, अशी मी एक जुनी मातीची हंडी आहे, मित्रांनो. सरोवराकाठच्या कुंभारणीनं मला घडवलं, भाजलं. माझी मालकीण अकेयो माहेरच्या अलेगोहून सासरी आली ती मला डोक्यावर घेऊन. तेव्हापासून मी फक्त चवळीचा पाला शिजवते. मासे दुसऱ्या हंडीत. माझ्या भाजीची गावभर वाहवा होती, म्हणून थोडी मिजास मलाही आहे.

रीत सासूबाईंनी घालून दिलेली. पाला सोडा घालून उकळायचा, पहिलं पाणी परसातल्या केळींना ओतायचं आणि मग पुन्हा शिजवायचा, पार गाळ होईपर्यंत.

अकेयोचा नवरा ओयूगी होड्या बांधतो. दणकट गडी, पण एके दिवशी छाती धरून खालीच बसला. त्याचा थोरला भाऊ असाच गेला होता. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दवाखान्यातल्या डॉक्टर नेकेसाबाईंनी रक्त तपासून घेतलं.

"रक्तदाब वाढलाय," त्या म्हणाल्या. "शिवाय होमोसिस्टीन नावाचं द्रव्य रक्तात फार आहे. ते ज्यांच्यात वाढलेलं असतं त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त दिसतो. गोळी घ्या, आणि हिरवा पाला भरपूर खा."

अकेयोनं रोज मला चुलीवर चढवलं. तरी पुढच्या तपासणीत होमोसिस्टीन तेवढंच. ओयूगीनं खापर माझ्यावर फोडलं.

"अलेगोच्या लेकी, ही थेरडी हंडीच बाधतेय मला. फेक ती, पातेलं आण."

"तिला नावं नका ठेवू, अपोंदीचे बाबा. तिलाच घेऊन जाते बाईंकडे!"

भाजीसकट मी दवाखान्यात गेले. खरं सांगते, फार भ्याले होते. नेकेसाबाईंनी बोटभर चाखली.

"चव फक्कड आहे. पण पहिलं पाणी कुठं गेलं?"

"केळींना घातलं."

"मग तुमच्या केळींचं हृदय ठणठणीत असणार! अहो, होमोसिस्टीन उतरवणारं जीवनसत्त्व त्या पाण्यातच उतरतं."

अकेयोला रडू फुटलं. "म्हणजे मीच त्यांना चोथा खाऊ घातला की हो!"

"पुसा डोळे. आता थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, झटपट शिजवा. पाणी भाजीतच मुरू द्या."

घरी ओयूगी कुरकुरला. "दातांत अडकतेय. गुरांना घाल ही."

"गुरांची छाती दुखत नाही. तुमची दुखते. गिळा मुकाट्यानं."

त्यानं गिळली, महिनोन्‌महिने. मग एकदा दवाखान्यातून परतला तो हसतच. होमोसिस्टीन उतरलं होतं. गोळी मात्र चुकवायची नाही, असं बाईंनी बजावलं होतं.

आमच्याकडे पुरुष चुलीपाशी येत नाहीत. त्या संध्याकाळी ओयूगी वाकून आत आला आणि माझ्यासमोर बसला.

"शिकव मला," तो अकेयोला म्हणाला. "दादाची पोरंही त्याच्याच रक्ताची आहेत. त्यांच्या घरी मी करून दाखवतो."

अकेयोनं पाल्याची टोपली त्याच्यापुढं सरकवली. मला इतकं बरं वाटलं, मित्रांनो!

मी माती आहे, आज ना उद्या फुटेन, दुसरी हंडी येईल. पण घरात कुणी छाती धरून बसलं, तर त्याला नुसतं पोटभर वाढू नका. त्याच्या ताटातल्या भाजीत सत्त्व किती उरलंय, तेही बघा.