डाव्या चाकाचा आरा

सासूबाईंनी नवी तोफ चिमटीत धरली, मेलेलं झुरळ मिशीला धरून उचलावं तशी, आणि खिडकीच्या उजेडात फिरवली.

"ही होय तोफ? फुंकर मारली तर आपणच शत्रूच्या गोटात जाऊन पडेल."

टेबलावरच्या लढाया खेळणाऱ्या क्लबचा सेक्रेटरी हसला. त्याला खेळातल्या, अंगठ्याएवढ्या दोन तोफा ताडून बघायच्या होत्या. एक सासऱ्यांनी दगडी साच्यात ओतलेली, शिशाची. दुसरी सुनेने तिच्यावरूनच थ्रीडी छपाईच्या मशीनवर काढलेली, प्लास्टिकची. नवी जुनीच्या तोडीस उतरली, तर चाळीस तोफांचं काम सुनेला, नाहीतर बाहेर. सून फडक्याला हात पुसत उभी होती. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"नळीवरची कडी बघा, काकू. जुनीपेक्षा स्वच्छ उठलीत," सेक्रेटरी म्हणाला.

"स्वच्छ काय, धुतलेलं ताटही असतं. आणि हे हो काय? डाव्या चाकाचा हा आरा बघा. बाकीचे सुतासारखे आणि हा सोटा! आमच्या ह्यांच्या हातून असलं काही जन्मात झालं नसतं."

सुनेने जुनी तोफ उचलली आणि चाकाची आतली, रंग न लागलेली बाजू सासूबाईंपुढे धरली. तोच आरा. तेवढाच जाड.

"मशीनवर मिनिटात बारीक झाला असता, आई. मुद्दाम ठेवला. बाबांच्या हातचा म्हणून."

"अहो, जुने खेळाडू तर ह्याच आऱ्यावरून अस्सल तोफ ओळखतात!" सेक्रेटरी म्हणाला.

सासूबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वर्षानुवर्षं तोफा त्या स्वतःच रंगवायच्या. तो आरा डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्याला काळपट रंग द्यायच्या. देता देता त्यांनाच तो दिसेनासा झाला होता.

"त्यांच्या हातचा नाही तो," त्या म्हणाल्या. "साचा माझ्या हातून पडला होता. टवका उडाला."

सेक्रेटरीला हसू आवरेना. "नवऱ्याची बाजू घ्यायला काय काय रचताय, काकू! बायको असावी तर अशी." कामाचा कागद सुनेच्या हाती देऊन तो हसतच जिना उतरला.

सुनेने दार लोटलं.

"बाबा काही बोलले नाहीत तेव्हा?"

"तोफा विकत घेणाऱ्या दुकानदाराने विचारलं, आरा असा कसा. मीच मधे तोंड घातलं. म्हटलं, ह्यांचे हात कापायला लागलेत."

"खरंच कापायचे हात?"

"छे." सासूबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. "तिथेच उभे होते ते. नुसती मान हलवली. मग पुन्हा साचा म्हणून कोरला नाही."

मशीन गुणगुणत होतं. सून कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या चाकाकडे बघत राहिली.

"मग करू का हा बारीक?"

सासूबाईंनी जुन्या तोफेच्या त्या आऱ्यावरून अंगठा फिरवला.

"तूच ठरव," त्या म्हणाल्या.