दोन्हीकडची

मामी आत यायला तयार नव्हत्या. ताईने दोनदा खुर्ची पुढे केली, पाणी आणलं, पण त्या दाराबाहेर जिन्यातच उभ्या राहिल्या, कोटाची बटणंसुद्धा न काढता. वरच्या मजल्यावरचा एक भाडेकरू खाली उतरत होता. त्याला वाट द्यायला त्या भिंतीला चिकटल्या आणि तो गेल्यावर पुन्हा होत्या तिथे आल्या.

"बसायला नाही आले गं. एकच विचारायचंय. तुला माहीत होतं का?"

"काय माहीत होतं, मामी?"

"म्हणजे नव्हतं," मामी म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "की होतं?"

मामी काही नात्यातल्या नव्हत्या. धुलाई कारखान्यात आपल्याकडच्या ज्या चौदा-पंधरा बायका होत्या, त्यांच्यात वयाने थोरल्या, म्हणून त्या सगळ्यांच्या मामी. इस्पितळांच्या चादरी, उशांचे अभ्रे, रोग्यांचे झगे धुऊन, दाबून, बांधून परत पाठवायचं काम. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि इथली भाषा त्यांना 'हो', 'नाही' आणि 'गरम'च्या पुढे कधी आली नाही. गरज काय होती? ताई होती ना. डॉक्टरकडे ताई, बँकेत ताई, घरमालकाशी भांडायलाही ताईच. मामी आपल्या भाषेत मनसोक्त शिव्या घालायच्या आणि ताई त्याचं सभ्य रूपांतर करून मालकाला ऐकवायची.

आता मामींनी जे सांगितलं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी त्या सगळ्यांना नदीपलीकडच्या शेडमध्ये पाठवलं होतं. इथल्या यंत्रांची दुरुस्ती आहे, ती झाली की परत यायचं, असं ठरलं होतं. मुदत संपली तशा त्या शुक्रवारी नेहमीच्या फाटकाशी आल्या, तर पहारेकऱ्याने आडवा हात धरला. त्यांच्यातल्याच एकीच्या तरुण सुनेला इथली भाषा थोडी समजते. तिने विचारून घेतलं, तेव्हा कळलं की तुम्ही आता इथल्या नाही, नदीपलीकडच्या ठेकेदाराच्या आहात. कारखाना सोडून तुम्ही स्वखुशीने गेलात. हॉलमध्ये सगळ्यांसमोर विचारलं होतं आणि तुम्हीच हात वर केले होते.

"पहिला हात माझा होता," मामी म्हणाल्या. "तू सांगितलंस म्हणून. दुसरं कोणी सांगितलं असतं तर मी पन्नास प्रश्न विचारले असते."

माहीत नव्हतं अशी ताईला शपथ घ्यायची होती. पण मामी जिना उतरायला लागल्या होत्या, कठडा धरून, एकेक पायरी.

लग्न होऊन ताई या गावात आली तेव्हा तिला बसचं तिकीटही मागता येत नव्हतं. तिला भाषा शिकवली ती इस्त्रीच्या टेबलावर शेजारी उभ्या राहणाऱ्या एका इथल्याच बाईने. ओलं, कोरडं, भाजेल, सांभाळ, असे शब्द आधी आले. मग नवऱ्याची चेष्टा कशी करायची ते आलं, आणि दोघींची गट्टी जमली. मुलीच्या वेळी ताईला कळा सुरू झाल्या तेव्हा नवरा कामावर होता. तिला दवाखान्यात नेलं ते या मैत्रिणीने, आणि रात्रभर हात धरून बसलीही तीच. पुढे मैत्रीण बढती मिळून हॉलची प्रमुख झाली, काचेच्या खोलीत बसू लागली, तरी दुपारचा चहा मात्र ताईबरोबरच घ्यायची.

हळूहळू ताईची दोन माणसं झाली. एक आपल्या बायकांत बसून जोरजोरात हसणारी, दुसरी काचेच्या खोलीत हळू बोलणारी. फोन कोणाचा आलाय ते मला आतल्या खोलीत हसण्यावरून कळतं, असं नवरा म्हणायचा. बायकांनी तिला नावच ठेवलं होतं, दोन्हीकडची. काही अडलं की म्हणायच्या, दोन्हीकडचीला विचारा. ताईला हे नाव आवडायचं. मामींनी एकदा टोकलं होतं, "बघ हो, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो." तेव्हा ताईने हसून सांगितलं होतं की मी दोन्हीकडे पोटभर जेवते, मामी. आणि ते खरंच होतं.

त्या दिवशी हॉलमध्ये मैत्रिणीने सांगितलं आणि ताईने ते आपल्या बायकांना सांगितलं. तीनच आठवडे, पगार तोच, काम तेच, कोण कोण तयार आहे? ताईने स्वतःचाही हात वर केला होता. पण निघायच्या सकाळी मैत्रिणीने तिला मागे ओढलं आणि म्हणाली, तू थांब, नव्या यंत्रावर तू लागशील मला. गाडी भरून बायका गेल्या. ताईने फाटकापाशी उभं राहून त्यांना हात केला. काही दिवसांनी त्यांच्या टेबलांवर नव्या मुली दिसू लागल्या. ताईने विचारलं तेव्हा मैत्रीण म्हणाली, बदली आहेत, तात्पुरत्या. ताईने मान डोलावली. डोळे झाकून विश्वास ठेवायचा म्हणजे दुसरं काय असतं?

सोमवारी ताई काचेच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मैत्रिणीने चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"वरून आलं होतं," ती इथल्या भाषेत म्हणाली. "माझ्या हातात काही नव्हतं."

"तुला तेव्हा माहीत होतं?"

मैत्रिणीने टेबलावरचा चष्मा उचलून पुन्हा ठेवला. "होतं."

"मग माझ्याकडून का वदवलंस?"

"मी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं का? तू सांगितलंस आणि पाच मिनिटांत हात वर झाले." तिच्या आवाजात चीड नव्हती, उलट समजूत होती, आणि तीच ताईला सहन होईना. "पण तुझी जागा मी राखली. त्यासाठी भांडले मी वरच्यांशी. अगं, तू त्यांच्यातली थोडीच आहेस आता? तू आमच्यातली आहेस."

एकोणीस वर्षं ताईने या वाक्याची वाट पाहिली होती. बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहिली की, मुलीच्या शाळेत तिचं नाव चुकीचं पुकारलं की, दुकानात कोणी तिच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोललं की, तिला वाटायचं, कोणीतरी एकदा म्हणावं. पहिल्या वर्षी कोणी म्हणालं असतं तर तिने अख्ख्या इमारतीत पेढे वाटले असते. आणि आता ते मिळालं होतं ते चौदा-पंधरा बायकांच्या जागा घेऊन. मैत्रीण तिच्याकडे अशी बघत होती, जणू आपण मोठी भेट दिली आहे आणि ही आभार कधी मानते याची वाट आहे.

ताईच्या तोंडात जो शब्द आला तो या भाषेतला नव्हता. मग कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच ती मैत्रिणीशी आपल्या भाषेत बोलली.

"केसानं गळा कापलास गं."

"काय म्हणालीस?"

आयुष्यभर ताईने इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करून सांगितलं होतं. शिव्या सभ्य केल्या होत्या, पण सांगायचं काही कधी गाळलं नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. "मलाही नदीपलीकडे पाठव."

मैत्रिणीने तिला वेड्यात काढलं. तिथे आजारपणाची रजा नाही, नोकरी कायमची नाही, ठेकेदार म्हणेल तेव्हा घरी बसावं लागेल, हे सगळं तिने अगदी जीव तोडून सांगितलं. ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हेच त्या दिवशी हॉलमध्ये सांगायला हवं होतंस, एवढंच ती म्हणाली.

घरी नवरा भडकला. तू गेलीस म्हणून त्यांच्या जागा परत मिळणार आहेत का, असं त्याने विचारलं, आणि त्याचं काही चूक नव्हतं. मिळणार नव्हत्या. कामगारांच्या कचेरीत तक्रार करू, असं मुलगी म्हणाली, आणि ताई म्हणाली, करू, मी बोलेन सगळं, मीही फसवली गेले ते सांगेन. पण तक्रारीचं काम तक्रारीच्या चालीनेच होणार. मुलगी दोन्ही भाषा एकाच वाक्यात कालवून बोलायची. थोड्या वेळाने ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि या वेळी मात्र सगळं आईच्याच भाषेत म्हणाली, "आई, पण त्या तुला घेतील का?"

ताईने नळ बंद केला. "कुणास ठाऊक."

नदीपलीकडची शेड पत्र्याची होती. खिडक्या उंचावर, धुण्याच्या पावडरीचा वास नाकात बसणारा, जमीन ओली. ठेकेदाराच्या माणसाने ताईला हाताने टेबल दाखवलं आणि तो निघून गेला. यंत्राच्या घरघरीतही बायकांचं बोलणं चालू होतं. ती आत आल्यावर ते थांबलं. मामी पलीकडच्या टेबलाशी अभ्रे रचत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

ताईने ढिगातून एक चादर ओढली. इस्पितळाची चादर लांब असते. तिची दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसरीने, ताणायची आणि चालत एकमेकींपाशी यायचं. ताईने आपली दोन टोकं धरली आणि उभी राहिली. उरलेली दोन टेबलावरून खाली लोंबत होती. तिने कोणाला हाक मारली नाही. हाक मारायचा हक्क आपल्याला राहिलाय की नाही, तेच तिला कळेना.

"ताई," ती तरुण सून दुरूनच म्हणाली, अगदी शांतपणे, "इथं इकडचं तिकडे सांगायला कोणी लागत नाही. इथं सगळ्या आपल्याच आहेत."

कोणी हसलं नाही. मामींच्या हातातला अभ्रा क्षणभर तसाच राहिला, मग ढिगावर गेला.

ताईने चादरीचा मध्य शोधला, तो हनुवटीखाली दाबून धरला आणि दोन्ही हात पुरतील तितके लांब करून एकटीनेच घडी घातली. ती वाकडी आली. तिने ती उलगडली, टेबलावर हाताने नीट पसरली आणि पुन्हा घालायला घेतली.